शेवट बंडल!

भयकादंबरी नुकतीच वाचून संपवलेल्या मराठी माणसाला 'कशी वाटली?' असं विचारून पाहा. कादंबरी कशी आहे ते तो सांगणार नाही. तो म्हणेल, 'मला काही भीती वाटली नाही बुवा.' आणि हे म्हणताना त्याची छाती दोन इंच पुढे येईल.

विनोदी पुस्तक वाचून 'मला अजिबात हसू आलं नाही' असं कुणी फुशारकीनं सांगत नाही. लोक म्हणतील, ह्याला विनोद कळत नाही. रडवणाऱ्या कादंबरीपुढे डोळे कोरडे राहिले तर माणूस ते चारचौघांत झाकतो. भयकथेचा वाचक मात्र पुस्तक हरलं, आपण जिंकलो, असा निकाल लावूनच ते वाचनालयात परत करतो. घाबरण्यासाठी वर्गणी भरायची, रांगेत उभं राहून पुस्तक मिळवायचं आणि मग घाबरलो नाही म्हणून मिशीला पीळ द्यायचा, असा हा उलटा व्यवहार आहे.

ज्या स्टीफन किंगनं निम्म्या जगाची झोप उडवली, त्यानं १९७८ सालच्या आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेतच कबुली दिली आहे की झोपताना पाय पांघरुणाबाहेर ठेवणं त्याला जमत नाही. पलंगाखाली काही नसतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी पाय आतच. आमचे वाचक किंगपेक्षा शूर. ते पांघरूणच घेत नाहीत.

बरं, ही निर्भय मंडळी पुस्तक वाचतात कुठे? चौकशी केली. एकानं दुपारी आमरस-पुरीनंतर लोळत वाचलं. एकीनं कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत. एका गृहस्थांनी तर संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून, डोक्यावर दुसऱ्याची बॅग आणि कानाशी भजनी मंडळ, अशा थाटात अख्खी कादंबरी संपवली आणि वर तक्रार केली की वातावरणनिर्मिती कमी पडते. अहो, टाळ-मृदंगाच्या गजरात, डोंबिवलीला उतरणाऱ्यांच्या रेट्यात कुठलं भूत डब्यात शिरेल? शिरलंच तरी त्याला आधी सांगतील, 'पुढे सरका.'

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स नावाचे एक मोठे विद्वान होते, जुन्या हस्तलिखितांचे जाणकार. नाताळात निवडक मित्रांना बोलावायचे, खोलीतल्या मेणबत्त्या विझवून एकच ठेवायचे आणि तिच्या उजेडात स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट वाचून दाखवायचे. पुस्तक घाबरवत नाही म्हणणाऱ्यानं निदान ट्यूबलाइट तरी बंद करावी.

पण ट्यूबलाइट बंद केली तरी आमच्या वाचकाला हवं ते वेगळंच असतं. किंगनंच १९८१ साली भयकथांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं स्वतःच्या धंद्याच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात वरची पायरी धास्तीची: दाराआड काहीतरी आहे, पण दार अजून बंद आहे. ते साधलं नाही तर दार उघडून विद्रूप काहीतरी दाखवायचं. तेही जमलं नाही तर नुसती किळस आणायची, आणि तिथपर्यंत उतरायला आपल्याला लाज वाटत नाही, असंही तो मोकळेपणानं म्हणतो. आमच्याकडची मतं ऐकाल तर सगळी मागणी तिसऱ्या पायरीवरच्या मालाला. 'रक्तबिक्त काहीच नाही हो! शेवटपर्यंत नुसतं दार वाजतं.' दार नुसतं वाजवत ठेवायला लेखकाला किती घाम गाळावा लागतो, ह्याचं कुणाला काही नाही.

तोंडानं दिलेली ही मतं मी फारशी मनावर घेत नाही. खरी मतं पेन्सिलीनं दिलेली असतात.

आमच्या वाचनालयात मागच्या भिंतीला नारायण धारपांचं एक कपाट आहे. धारप १९२५ सालचे, २००८ साली गेले, शंभरावर पुस्तकं लिहून गेले. हल्ली त्यांच्या नव्या, गुळगुळीत मुखपृष्ठांच्या आवृत्त्या निघाल्यात. पण कपाटात आहेत त्या जुन्या, तपकिरी कागदात बांधलेल्या, पाठीवर पांढऱ्या रंगात दाखल क्रमांक टाकलेल्या. पाठीमागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी भरून गेली म्हणून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. पुस्तक उघडलं की आधी जुन्या कागदाचा वास येतो, मग झुरळाच्या औषधाचा, मग वाचकांची मतं सुरू होतात.

पान ३१, समासात: 'इथून पुढे रात्री वाचू नये.' त्याखाली वेगळ्या, जरा उभट अक्षरात: 'मी रात्रीच वाचले. काही झाले नाही.' त्याखाली तिसऱ्या हातानं: 'मग पुढचे पान का फाडलेत?'

पान ५८ वर प्रेत उठून बसतं. एरवी माणसाची बोबडी वळावी असा प्रसंग. तिथे एका वाचकानं छापलेलं 'शरिर' खोडून त्यावर 'शरीर' लिहिलं आहे. प्रेत चालायला लागलं, दाराशी पोचलं, आणि हा माणूस वेलांटी दुरुस्त करतोय! मला धारपांच्या भुतापेक्षा ह्या वाचकाचीच जास्त धास्ती वाटते. हा नक्की पुण्याचा असणार.

पान ११० वर कुणा दुष्टानं एका पात्राच्या नावाखाली रेघ मारून लिहिलंय, 'हाच तो.' शेजारी: 'आभारी आहे. आता पुस्तक परत करतो.' पुढच्या कोऱ्या जागेत दूध, इस्त्री आणि पेपरवाल्याचा हिशेब, बेरीज चुकलेली. बेरीज चुकण्याइतपत तरी हा वाचक घाबरला होता, असं मी समजतो. आणि शेवटच्या पानावर, गोष्ट संपते तिथेच, ठसठशीत: 'शेवट बंडल!' त्याखाली: 'तुमच्याकडून लिहून घ्यायला हवा होता.' त्याखाली निळ्या बॉलपेननं: 'सार्वजनिक पुस्तकांत लिहू नये.' एवढं एकच मत खोडरबरनं न जाणारं.

ग्रंथपालबाईंना म्हटलं, खोडत का नाही हे सगळं? त्या म्हणाल्या, 'नुसती नावं आणि शिव्या खोडते. बाकीचं राहू देते. नवीन माणूस पुस्तक उचलतो, चार पानं चाळतो, आतलं भांडण वाचतो आणि घरी घेऊन जातो.' समीक्षेचा इतका रोकडा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

समासात लिहिणाऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांसाठी एक माहिती. लंडन लायब्ररीत २०१८ साली जुनी पुस्तकं तपासताना काहींत खुणा सापडल्या: फुल्या, अधोरेखनं, दुमडलेली पानं. ह्या खुणा ब्रॅम स्टोकरच्या टिपणांशी जुळतात. स्टोकर त्या वाचनालयाचा सभासद होता आणि 'ड्रॅक्युला'ची तयारी करत होता, म्हणजे वाचनालयाची पुस्तकं बहुधा त्यानंच रंगवली. १८९७ साली कादंबरी आली आणि सगळं माफ झालं. तेव्हा पान ३१ वाल्यांनो, लिहीत राहा. फक्त पान फाडू नका.

आता जरा विद्वानांकडे वळू. भयकथेच्या वाचकांत एक तपासनीसांची शाखा असते. तुम्ही धारपांची 'लुचाई' म्हणायचा अवकाश, हे म्हणणार, किंगची 'सेलम्स लॉट.' तुम्ही 'शपथ' म्हणा, हे म्हणतील, 'इट.' एवढं बोलून मागे रेलतात. मत संपलं. कादंबरी कशी आहे, जमली की फसली, ह्यावर चकार शब्द नाही. चोरी उघडकीस आणली, आता न्यायाधीश काय ते बघून घेतील, असा आविर्भाव. ह्यात उघडकीस आणण्यासारखंही काही उरलेलं नाही, कारण किंगची कथानकं धारपांनी मराठीत आणली हे भयकथावाचकांत केव्हाचं जगजाहीर आहे.

विचारायला हवा तो प्रश्न विचारायचं राहूनच जातं. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आडगावातली गोष्ट. तिच्यातून चर्च, क्रूस, पवित्र पाणी काढून घ्या. व्हँपायर म्हणजे काय हे ज्याच्या आजीनं कधी सांगितलं नाही अशा वाचकाच्या हातात ती द्या. मग ओसाड घराची धास्ती त्याच्या पोटात उतरवायची कशी? शत्रू उसना आणता येतो. पण त्याच्यावरचा उतारा गावचाच लागतो, आणि त्यावर वाचकाचा विश्वास बसावा लागतो. धारपांना तो उतारा कुठे साधला, कुठे साधला नाही, ह्यावर तासभर भांडता येईल. तपासनीस भांडत नाहीत. त्यांना पंचनामा झाला की चहा लागतो.

आणि पंचनामा करायचाच तर पुरा करा की. किंग शाळेत मुलांना 'ड्रॅक्युला' शिकवत होता. हा काउंट आजच्या अमेरिकेत उतरला तर, अशी घरात जेवताना चर्चा निघाली आणि त्यातून १९७५ सालची 'सेलम्स लॉट' आली. हे त्यानं स्वतःच सांगितलंय, पोलिसांना शोधावं लागलेलं नाही. स्टोकरला 'ड्रॅक्युला' हे नाव मिळालं ते १८९० च्या उन्हाळ्यात, व्हिटबी ह्या समुद्रकाठच्या गावी, तिथल्या वाचनालयातल्या एका जुन्या प्रवासी-राजकीय पुस्तकात. ट्रान्सिल्व्हेनियाला तो जन्मात गेला नाही. आपल्याकडे दातारशास्त्र्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सला धोतर नेसवून, पगडी घालून आणला, तेव्हा आपल्या पणज्यांनी कंदिलाची वात मोठी करून त्याचा फडशा पाडला. 'मूळ इंग्रजी आहे' म्हणून पुस्तक मिटलं नाही. राही अनिल बर्वेंच्या 'तुंबाड'मधली आजी धारपांच्या कथेतून आली आणि सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. २०१८ साली लोकांनी त्या सिनेमाकडे पाठ फिरवली आणि २०२४ साली तोच पुन्हा लागला तेव्हा रांगा लावल्या. त्या रांगेत उभे असलेले निम्मे जण 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं सांगत होते. २०१८ साली हे सगळे कुठे म्हणत होते, ते एक कोडंच आहे.

तिसरी जमात मला आवडते. त्यांना कादंबरीबद्दल विचारावं तर ते कादंबरी बाजूला ठेवतात. 'ते राहू द्या हो. आमच्या गावाकडे खरंच घडलंय.' घडलेलं असतं ते नेहमी मामांच्या बाबतीत, नाही तर चुलत आजोबांच्या. सांगणाऱ्यावर स्वतःवर कधीच काही बेतलेलं नसतं. शेवटची एसटी चुकलेली असते, अवस असते, आणि चुना मागणारा एक अनोळखी माणूस असतो ज्याचे पाय मामांना अगदी शेवटी दिसतात. मामा तापानं फणफणतात, बरे होतात आणि पुढे नव्वदीपर्यंत जगतात.

ह्या जमातीचं मत तांत्रिक असतं. कादंबरीत भाषा कशी, पात्रं कशी, ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. 'खविसाला एवढी बुद्धी नसते,' असं सिंधुदुर्गातल्या एका गृहस्थांनी मला ठणकावून सांगितलं, जणू खवीस त्यांच्याच कचेरीत कारकून होता. मुंजा असा हसत नाही. हडळ असल्या रंगाचं लुगडं नेसत नाही. गिऱ्हा पाण्याजवळचा, त्याला डोंगरावर काय म्हणून नेला? देवचाराला तर घाबरायचंच नसतं, तो राखणदार. त्याचा मान त्याला दिला की काम झालं. चकवा वाट चुकवतो, पण जीव घेत नाही. एवढी काटेकोर कामवाटणी आपल्या मंत्रिमंडळातही नसते.

आणि हे ज्ञान सरकारदरबारी नोंदलेलं आहे बरं का. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन, ज्याला १९०९ साली अनंत कान्हेरेंनी गोळी घातली, त्याला लोकसमजुती गोळा करण्याचा नाद होता. त्यानं जमवलेल्या माहितीवरून एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्यानं १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक केलं. माहिती पुरवणारे कोण? गावोगावचे शाळामास्तर. कुठल्या गावी कुठलं भूत, ते कुठे राहतं, कुणाला धरतं, काय दिल्यावर सोडतं, हे सगळं मास्तरांनी प्रश्नांच्या क्रमानं लिहून वर पाठवलं. मास्तर तेव्हापासून अशैक्षणिक कामांना जुंपलेले आहेत.

अशा गप्पांच्या बैठकीत कोपऱ्यात एक जण गंभीर चेहऱ्यानं बसलेला असतो. त्याचं मत: असल्या पुस्तकांनी अंधश्रद्धा पसरते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता; पण तो भोंदूबाबांसाठी आहे, कादंबरीकारांसाठी नाही, हे ह्यांना कोण सांगणार? भोंदू म्हणतो 'हे खरं आहे, पैसे काढ.' कादंबरीकार मुखपृष्ठावरच 'कादंबरी' असं छापतो. हेच गृहस्थ सकाळी पेपर आला की पहिल्यांदा राशिभविष्याचं पान उघडतात, हे सांगून मी विषय पुढे नेतो.

अद्भुत कादंबऱ्यांच्या वाचकांचं मत वजनावर असतं. 'नऊशे पानं! चार दिवसांत!' आत काय होतं? 'राज्य होतं. राजा मरतो. भाऊ वाईट असतो.' ह्यापुढे तपशील नाही, कारण पुढच्या नऊशे पानांना हात घातलेला आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा, मग वंशावळ, शेवटी परिशिष्ट. नकाशा न बघता वाचणारा वाचक दुसऱ्या प्रकरणात हरवतो आणि मत देतो, 'नावं लक्षात राहत नाहीत.' हे मत देणारा माणूस स्वतःच्या साडूच्या मेहुण्याच्या व्याह्यांची नावं तोंडपाठ सांगतो.

ह्या विषयावरचं रामबाण मत म्हणजे 'आपल्याकडे महाभारत आहेच की!' हे वाक्य पडलं की चर्चा आडवी. टॉल्किन आडवा, मार्टिन आडवा. मुग्धा कर्णिकांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा एवढा डोंगर मराठीत 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून उचलून आणला, तोही आडवा. 'कशाला हवं ते? आपल्याकडे महाभारत आहेच.' आहे ना. शेवटचं कधी उघडलं होतंत? तर १९८८ ते १९९०, दर रविवारी सकाळी, दूरदर्शनवर.

त्यातल्या त्यात जॉर्ज मार्टिनच्या वाचकांची मला दया येते. १९९६ साली पहिला खंड आला, २०११ साली पाचवा. सहावा येतोय. मालिका टीव्हीवर येऊन, गाजून, बिनसून २०१९ साली संपलीसुद्धा, सहावा येतोयच. पुनर्विकासात गेलेल्या घराचा ताबा दिवाळीपर्यंत मिळेल म्हणून भाड्याच्या खोलीत दिवस काढणाऱ्या कुटुंबासारखे हे वाचक झालेत. पण मत देणं त्यांनी थांबवलेलं नाही. न आलेल्या खंडावर त्यांची अशी तपशीलवार मतं आहेत की मार्टिननं ती मागवून घेतली तरी पुस्तक पुरं होईल.

कॉलेजातल्या मुलींचं सध्या वेगळंच चाललंय. रेबेका यारोसची २०२३ सालची 'फोर्थ विंग' आणि तिच्या जातकुळीची जाड इंग्रजी पुस्तकं, पानांच्या कडा रंगवलेली. ड्रॅगन आहेत, युद्धशाळा आहे, आणि देखणा वैरी आहे. मत विचारलं की खुदकन हसतात. आई कौतुकानं शेजारणीला सांगते, 'आमची दिवसभर वाचत असते हो, मोबाइलला हात नाही.' आईनं ते पुस्तक मधूनच उघडून पाहिलेलं नाही, हे त्या घरच्या शांततेच्या दृष्टीनं बरं आहे.

मग येतात खरे साहित्यिक. त्यांचं मत ठरलेलं: 'हे साहित्य नव्हे.' जी. ए. कुलकर्णींनी 'रमलखुणा'त कुठल्याच नकाशात नसलेला मुलूख उभा केला, त्यात परकी नावं आणि अटळ भाकितं पेरली, तर ती रूपककथा. खानोलकरांनी 'कोंडुरा'त साधूकडून वर देववला आणि त्या वरानं माणसाचं वाटोळं करवलं, तर ती नियतीची शोकांतिका. पुढे श्याम बेनेगलांनी तिच्यावर सिनेमाही काढला. धारपांनी त्याच अंधारात कंदील नेला की भुताटकी! आमच्या समीक्षकांना अंधाराचं वावडं नाही, अंधारात कोण उभा आहे ते पाहून ते नमस्कार करायचा की नाही ते ठरवतात. रत्नाकर मतकरींचं बरं होतं. गूढकथा त्यांनी एका हातानं लिहिल्या आणि नाटकं दुसऱ्या, त्यामुळे नाटकवाला हात धरून त्यांना सभेत बसवता आलं.

हल्ली जरा सुधारणा आहे. हृषीकेश गुप्ते 'अंधारवारी', 'घनगर्द', 'हाकामारी' अशी नावं छातीठोकपणे मुखपृष्ठावर लावतात आणि चांगली माणसं ती वाचतात. वाचून काय म्हणतात? 'ही नुसती भयकथा नाही, त्याच्या पलीकडचं काहीतरी आहे.' झालं! म्हणजे भयकथा चांगली निघाली की ती भयकथा राहत नाही, आणि वाईट निघाली की 'बघा, भयकथा अशीच असते.' ह्या न्यायानं मराठीत चांगली भयकथा जन्माला येणंच शक्य नाही. आली की तिची लगेच बदली होते.

नाक मुरडण्याचा हा रोग आपलाच आहे असं समजू नका. ऑक्सफर्डात टॉल्किन 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहीत होता तेव्हा दर आठवड्याला मित्रांच्या बैठकीत नवी प्रकरणं वाचून दाखवायचा. त्या बैठकीत ह्यूगो डायसन नावाचा एक प्राध्यापक सोफ्यावर पसरून पडायचा, आणि आणखी एक एल्फ अवतरला की मोठ्यानं कण्हायचा, शिव्या घालायचा. अखेर अशी पाळी आली की डायसन हजर असेल तर टॉल्किन वाचणंच टाळायचा. विसाव्या शतकातल्या सगळ्यात खपाऊ ग्रंथांपैकी एक, आणि घरच्या बैठकीत त्याची ही किंमत. पुढे १९५६ साली एडमंड विल्सन ह्या बड्या अमेरिकी समीक्षकानं त्याच पुस्तकाची सालटी काढली. पोरकट आहे, गद्य बेतास बात आहे, वगैरे. पण त्याच लेखात तो सांगून जातो की हा हजारभर पानांचा ऐवज त्यानं आपल्या सात वर्षांच्या मुलीला सबंध मोठ्यानं वाचून दाखवला, आणि ती 'हॉबिट'ची पारायणं करत असते, संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. बापाचं मत छापून आलं. मुलीचं मत बापाच्या घशाला माहीत होतं.

त्या 'हॉबिट'चीच गोष्ट घ्या. १९३६ साली हस्तलिखित लंडनमध्ये स्टॅन्ली अन्विन ह्या प्रकाशकाकडे आलं. त्यानं ते समितीपुढे ठेवलं नाही, विद्यापीठातही पाठवलं नाही. घरी नेलं आणि आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. लेखी अहवालाचा दर एक शिलिंग. रेनरनं दिलेल्या अहवालात गोष्टीचा सारांश होता, नकाशे असल्यामुळे चित्रांची गरज नाही अशी व्यावहारिक सूचना होती, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना पुस्तक आवडेल असा निर्वाळा होता. स्वतः दहाचा असल्यामुळे ह्या पोराटोरांत त्यानं आपल्याला धरलं नव्हतं. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. हाच रेनर मोठा होऊन बापाच्या धंद्यात आला आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापायची वेळ आली तेव्हा त्यानं बापाला कळवलं की ह्यात हजार पौंड बुडतील, पण पुस्तक अलौकिक आहे. बाप म्हणाला, तसं असेल तर बुडव. एका शिलिंगात घेतलेलं मत पंधरा-सोळा वर्षांनीही तितकंच ठाम होतं. साहित्य संमेलनाच्या मांडवात दिलेली मतं मांडव उतरेपर्यंत टिकत नाहीत.

हॅरी पॉटरचंही तेच. बारा प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं होतं म्हणतात. तेराव्याच्या घरी आठ वर्षांची मुलगी होती. पहिलं प्रकरण वाचून ती पुढचं मागत बसली, आणि बापाला सही करावी लागली. त्याच पुस्तकाचं आपल्याकडे 'हॅरी पॉटर आणि परीस' झालं. मुलगी काही शैलीबिलीवर बोलली नव्हती. तिनं पुढची पानं मागितली.

मुलांचं मत किती रोखठोक असतं ते पाहायचं असेल तर 'अलबत्या गलबत्या'च्या प्रयोगाला बसा. मतकरींचंच नाटक. चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, अलीकडे वैभव मांगल्यांनी. चेटकीण आली की पहिल्या रांगेतली निम्मी पोरं आईच्या मांडीत तोंड खुपसतात आणि उरलेली निम्मी ओरडून अलबत्याला सावध करतात. 'मला काही भीती वाटली नाही,' असं म्हणणारा एकही प्रेक्षक तिथे सापडत नाही. सापडलाच तर तो चाळिशीचा असतो आणि मोबाइलमध्ये बघत असतो.

गेल्या महिन्यात वाचनालयात असाच एक रोखठोक पोरगा आला होता, सहावी-सातवीतला, शाळेच्या गणवेशात. त्यानं धारपांच्या कपाटापाशी उभ्या उभ्या बरीच पानं वाचली होती. बाईंनी 'चला, बंद करायचंय' म्हटलं तेव्हा पुस्तक छातीशी धरून काउंटरशी आला.

'काकू, हे घरी नेऊ?'

'अरे, तुझं कार्ड बालविभागाचं. ह्यावर मोठ्यांची पुस्तकं मिळत नाहीत.'

'मग पुढे काय होतं ते सांगा.'

बाई सांगू शकत होत्या. सांगितलं नाही. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी तो आजोबांना घेऊन आला. आजोबांचं आजीव सभासदत्व. ते आयुष्यभर चरित्रं आणि प्रवासवर्णनं नेत आले आहेत. पुस्तक त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, आतलं कवटीचं चित्र पाहून 'हे असलं!' म्हणाले, आणि नातवासमोर बाईंना सांगितलं की मुलांच्या हाती काय पडतंय ते बघायला हवं, आधी मी तपासतो, मग ह्याला देतो.

परवा बाईंना विचारलं, दिलं का नातवाला? बाई म्हणाल्या, कुठलं! आजोबांनी दोनदा मुदत वाढवून घेतली, आणि काल फोन करून विचारत होते की ह्याच लेखकाचं आणखी काय काय आहे, आणि त्यातलं एखादं बाजूला काढून ठेवता येईल का.